सुचण्यासारखं काही नव्हतं

चिखलीच्या त्या कॉलेजात शिरलं की आधी वास यायचा, कॉलेज मागून दिसायचं. फाटकातून आत गेल्यावर डाव्या हाताला मुलींच्या संडासांची चार खोल्यांची रांग होती. दोन खोल्यांत मोडके बाक कोंबून ठेवलेले आणि उरलेल्या दोन तुंबलेल्या. मागची टाकी दीड वर्षापूर्वी भरली, ती कोणी उपसली नाही. पावसात तिच्यातलं सगळं वर येऊन व्हरांड्याच्या पायरीला लागायचं, उन्हाळ्यात वाळून त्यावर करडी साय धरायची, आणि त्या सायीवर माशा अशा बसलेल्या असत की लांबून वाटावं कोणी काळे वाटाणे वाळत घातलेत.

निशिगंधा मॅडम अकरावी-बारावीला मराठी शिकवायच्या. एकोणीस वर्षं झाली होती त्यांना. बारावी कलाचा वर्ग नेमका त्या रांगेला चिकटून, म्हणून त्या तासाला खिडक्या लावून घेत. साठ पोरं-पोरी घामाने निथळत कविता ऐकत. बाकीच्या शिक्षकांचं नाक मेलं होतं. ते व्हरांड्यात उभे राहून आरामात कचोरी खायचे. मॅडम मान वळवून पुढे निघून जात. पण एक गोष्ट त्या कोणाजवळ बोलत नसत. प्राचार्यांच्या खोलीमागे एक स्वच्छ, फरशीचं स्वच्छतागृह होतं, त्याची किल्ली शिक्षिकांसाठी टेबलाच्या खणात असे, आणि एकोणीस वर्षांत त्यांना मुलींच्या रांगेकडे जायची वेळ एकदाही आली नव्हती.

एक दिवस संस्थेचे सचिव राजकुमारभाऊ यांनी त्यांना बोलावून घेतलं. राजकुमारभाऊ म्हणजे अध्यक्षांचा मुलगा. तीस-बत्तीसचा, पुण्याला मॅनेजमेंट शिकून आलेला. त्याच्या केबिनचं दार उघडलं की सेंटचा असा गोड, चिकट भपकारा यायचा की मॅडमना वाटे, बाहेरचा वास निदान प्रामाणिक तरी आहे.

"बसा, मॅडम. तुम्ही मराठीच्या. मला एक शब्द पाहिजे," तो म्हणाला. "आयडिएट. त्याचा मराठीत अर्थ काय, वापर कसा करायचा, एका पानावर लिहून द्या. वीस तारखेला मूल्यांकन समिती येतेय. आपण त्याआधी आयडिएशन डे करतोय. बॅनर मराठीत पाहिजे."

"विचारमंथन म्हणा की."

"ते शिळं झालं. प्रत्येक पक्षाच्या मेळाव्याला तेच असतं. काहीतरी ताजं द्या."

खरं सांगायचं तर मॅडमना या कामाचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. इतक्या वर्षांत संस्थेने त्यांच्याकडून हजेरीचे तक्ते भरून घेतले होते, पाहुण्यांच्या हारांच्या याद्या लिहून घेतल्या होत्या, पण एखाद्या शब्दाचा अर्थ कोणी विचारला नव्हता. त्या घरी गेल्या, शब्दकोश काढले आणि दोन दिवस त्या पानावर बसल्या.

त्यांनी लिहिलं, की डोकं चालवणं, युक्ती काढणं, शक्कल लढवणं हे सगळं माणूस स्वतः करतो. पण मराठीतलं या अर्थाचं अगदी घरचं क्रियापद आहे 'सुचणं', आणि ते माणसाला करता येत नाही. 'मी सुचलो' असं कोणी म्हणत नाही. 'मला सुचलं' असंच म्हणतात. जे नव्हतं ते नवं मनात येतं आणि माणूस फक्त त्याचं घर असतो. दुसऱ्याच्या मनात ते आणून देणं म्हणजे 'सुचवणं'. शेवटी त्यांनी एक बारीक गोष्ट टिपली. बाजारात, दवाखान्यात, एसटी स्टँडवर लोक हे क्रियापद बहुधा नकारातच वापरतात. 'काही सुचत नाही' हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं, 'मला सुचलं' क्वचित.

पान वाचून राजकुमारभाऊ म्हणाला, "मस्त. शेवटचा भाग काढून टाका. निगेटिव्ह आहे."

चार दिवसांत बॅनर छापून आला. 'चला, सुचवू या!' खाली पिवळा दिवा आणि अध्यक्षांचा फोटो.

आयडिएशन डे सभागृहात झाला. बारावीच्या दोन्ही तुकड्या बसवल्या होत्या. प्रत्येकाला मागे गोंद असलेली एक रंगीत चिठ्ठी दिली. राजकुमारभाऊने माइक घेतला, आधी मॅडमच्या पानातला उतारा स्वतःचा असल्यासारखा म्हणून दाखवला आणि मग नियम सांगितले.

"प्रश्न एकच आहे. माझं कॉलेज कसं असावं? चूक-बरोबर काही नसतं. घाबरायचं नाही. जे सुचेल ते लिहा, खाली नाव लिहा आणि बोर्डावर चिकटवा. बेस्ट आयडियाला समितीच्या हस्ते बक्षीस!"

मुलं एकमेकांच्या चिठ्ठ्यांत डोकावून हसत होती. मुलींच्या बाजूला मात्र गडबड नव्हती. माना खाली घालून सगळ्या लिहीत होत्या, आणि लिहायला कोणालाच वेळ लागला नाही. दहा मिनिटांत बोर्ड पिवळ्या-गुलाबी-हिरव्या चिठ्ठ्यांनी भरून गेला. मॅडम जवळ गेल्या. मुलांच्या चिठ्ठ्यांवर क्रिकेटचं मैदान, वायफाय, कँटीन असं काहीबाही होतं. मुलींच्या पासष्ट चिठ्ठ्या, आणि पासष्टांवर एकच गोष्ट. 'मुलींची संडास साफ करा.' 'टाकी उपसा.' 'दाराले कडी लावा.' 'पाणी द्या.' कोणी नुसतंच लिहिलं होतं, 'वास.'

त्यातली एक पिवळी चिठ्ठी जरा मोठी होती. अक्षर बारीक आणि सरळ. 'मी सकाळी आठच्या गाडीने धाडहून येते आणि संध्याकाळी साडेसहाला घरी पोचते. तोपर्यंत पाणी पीत नाही. टाकी उपसली तर पिता येईल. रुबिना हबीब, बारावी कला.'

रुबिना दुसऱ्या बाकावर बसायची. वडील धाडला धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करायचे. निबंध ती सगळ्या वर्गात चांगला लिहायची, पण हात वर करून उत्तर कधी द्यायची नाही.

राजकुमारभाऊ बोर्डासमोर आला. हसत पहिली चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, पाचवीपर्यंत हसू ओठांवर तसंच राहिलं आणि मग आंबलं. कार्यक्रम त्याने घाईने आवरला आणि मॅडमना केबिनमध्ये बोलावलं.

"हे काय आहे, मॅडम?"

"त्यांना जे सुचलं ते."

"सुचलं?" त्याने त्यांचंच पान टेबलावरून उचललं. "तुम्हीच लिहिलंय. जे नव्हतं ते नवं मनात येणं. यात नवं काय आहे? दीड वर्ष हेच आहे. ही आयडिया नाही, ही कंप्लेंट आहे. समितीसमोर मी बोर्डभर संडास लावू?"

 आपल्याच व्याख्येने मॅडमचं तोंड बांधलं होतं.

"तुम्ही असं करा," तो आवाज मऊ करून म्हणाला, "नावं तीच राहू द्या, आयडिया बदला. तुमचं वाचन आहे. चार-पाच तऱ्हेचं अक्षर काढता येईलच तुम्हाला. सोमवारपर्यंत बोर्ड तयार पाहिजे. समिती येईपर्यंत तो माझ्या केबिनमध्येच राहील."

बोलता बोलता त्याने खणातून एक फाइल काढली, उघडली, पाहिली, बंद केली आणि परत ठेवली. त्या फाइलमध्ये मॅडमच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव सहा महिने त्याच्या सहीसाठी पडून होता. त्याविषयी तो एक शब्द बोलला नाही. 

शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर त्या शिक्षकांच्या खोलीत बसल्या आणि पासष्ट चिठ्ठ्या लिहून काढल्या. कधी उजवीकडे झुकतं अक्षर, कधी गोल, कधी तुटक. 'बोलकी भिंत.' 'पुस्तकांचा एटीएम.' 'गच्चीवर औषधी बाग.' सुरुवातीला लाज वाटत होती. पंधरा-वीस झाल्यावर मात्र भलतंच झालं. त्यांना मजा येऊ लागली. भराभर सुचत गेलं. आपल्याला इतकं सुचतं हे त्यांना माहीतच नव्हतं. रुबिनाच्या नावावर त्यांनी लिहिलं, 'सोलर झाड. झाडाच्या आकाराचा खांब, पानांच्या जागी सौर पट्ट्या, खाली बसून मोबाइल चार्ज करण्याची सोय.' कॉलेजात विद्यार्थ्यांना मोबाइल आणायला बंदी होती, हे त्यांना लिहून झाल्यावर आठवलं. तरी चिठ्ठी त्यांनी बदलली नाही. चांगली जमली होती.

झाडणाऱ्या झुंबरबाई कचऱ्याची टोपली घेऊन आल्या तेव्हा जुन्या चिठ्ठ्यांचा ढीग टेबलाच्या कडेला पडला होता, तो मॅडमनी टोपलीत लोटला. झुंबरबाई चौथी शिकलेल्या. दोन चिठ्ठ्या त्यांनी डोळ्यांजवळ धरून अक्षर लावत वाचल्या.

"पोरी खरं लिहून गेल्या की, बाई."

"राजकुमारभाऊंना नवीन सुचलेलं पाहिजे होतं, झुंबरबाई."

"याच्यात सुचाचं काय हाय? भरली ते उपसा लागते." त्या टोपलीत पाहत राहिल्या. "मंग हे काऊन फेकून राह्यल्या?"

"दुसऱ्या लिहिल्या आहेत."

"कोनं? पोरींनं?"

मॅडम पेनाचं टोपण लावू लागल्या. झुंबरबाईंनी टेबलावरच्या नव्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मॅडमच्या शाईने भरलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि पदर नाकाला लावला. त्या खोलीत वास फारसा येत नसे. टोपली उचलून त्या गेल्या. मॅडमनी साबणाने हात तीनदा धुतले.

बुधवारी तिसऱ्या तासाला रुबिना बाकावरच कोसळली. आधी ती थरथरत होती. मॅडमना वाटलं, घाबरलीय कशाला तरी. कपाळाला हात लावला तर तवा. मैत्रिणींनी उचलून रिक्षात घातलं. मॅडम बरोबर गेल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी तपासायला पाठवली, सलाइन लावलं आणि मुलीला विचारलं, "दिवसातून पाणी किती पितेस?"

रुबिनाने भिंतीकडे तोंड केलं.

"मी काय विचारतेय?"

"सकाळी घरून पिऊन येते," ती पुटपुटली. "मग घरी गेल्यावर."

"आणि लघवीला?"

"घरी गेल्यावरच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आठवड्यातली ही तिसरी मुलगी तुमच्या कॉलेजची," त्या मॅडमना म्हणाल्या. "इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय हिचं. तुमच्याकडे संडास नाहीत का?"

"आहेत," मॅडम म्हणाल्या, आणि आपल्या तोंडातून निघालेला तो शब्द त्यांना केस लागलेल्या घासासारखा वाटला.

दोन तासांनी रुबिनाचे वडील हबीबभाई आले. बाजाराचा दिवस टाकून आले होते. हाताला पत्र्याचे ओरखडे, शर्टाला डाग. पोरीच्या हातातली सुई पाहून ते खाटेच्या पायथ्याशी मटकन बसले.

"मले काही सुचून नाही राह्यलं, मॅडम," ते म्हणाले. "हिची अम्मी घरी रडून राह्यली. तुम्ही होत्या म्हणून पोरगी येथवर आली. अल्ला तुमचं भलं करो."

त्यांनी दोन्ही हात वर करून खरोखरच दुवा मागितली. मॅडम उभ्या होत्या तशाच राहिल्या. आपल्यासाठी कोणी देवाकडे हात पसरतंय आणि आपल्याला तिथून पळून जावंसं वाटतंय, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. आत्ता सांगून टाकावं, असं मनात आलं. सांगितलं नाही. "औषधं वेळेवर द्या" एवढं बोलून त्या बाहेर आल्या आणि दवाखान्याच्या पायरीशी त्यांना ओकारी झाली.

वीस तारखेला समिती आली. एक बाई आणि दोन गृहस्थ. आदल्या दिवशी संडासांच्या रांगेपुढे बांबू रोवून त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅनर ताणला होता. 'चला, सुचवू या!' मागे फिनेल ओतलं होतं, पुढे मोगऱ्याच्या उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटवले होते. सगळं मिळून असा वास झाला होता की नुसत्या घाणीची आठवण यावी. त्या वासात पाहुण्यांना हार घातले गेले.

समितीच्या बाईंनी बोर्ड लक्ष देऊन पाहिला. अर्धा तास पाहिला. आणि शेवटी एका पिवळ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. सोलर झाड.

आजारानंतर रुबिना त्याच दिवशी पहिल्यांदा कॉलेजात आली होती. बक्षीस आहे, पालकांना घेऊन या, असा फोन गेला होता. हबीबभाई धुतलेला पांढरा कुर्ता घालून मागच्या रांगेत बसले होते. नाव पुकारल्यावर टाळ्या वाजल्या. रुबिना चढून वर गेली, गालफडं बसलेली, ओढणी घट्ट आवळलेली. तिच्या हातात ढाल दिली. समितीच्या बाईंनी ती चिठ्ठी बोर्डावरून काढून आणली होती.

"छान कल्पना आहे हं, बाळ," त्या माइकवर म्हणाल्या. "आम्हाला सांग, तुला हे कसं सुचलं?"

रुबिनाने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. 

"मॅडम, मले हे सुचलं नाही."

"म्हणजे?"

"मी दुसरं लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतंस?"

रुबिनाने समोर पाहिलं. पुढच्या दहा रांगांत मुलं बसली होती. मागे वडील. तिचे कान लाल झाले. "ते येथं सांगता नाही येत."

"मग ही चिठ्ठी कोणाची?"

तिने पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं, आणि मॅडमना कळलं की तिने ओळखलं. कितीही तऱ्हा केल्या तरी 'झ' त्यांनी फळ्यावर काढायच्या तसाच काढला होता, शेपटी वर ओढून. दोन वर्षं ती पोरगी तो 'झ' वहीत उतरवून घेत होती. रुबिनाची नजर शिक्षकांच्या रांगेवर आली, निशिगंधा मॅडमवर क्षणभर थांबली, आणि तिने मान खाली घातली.

"मले माहीत नाही," ती म्हणाली.

राजकुमारभाऊने चटकन माइक घेतला. "मुलगी आजारातून उठलीय, स्टेजची सवय नाही. टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत ती मुलगी ढाल पोटाशी धरून उभी होती आणि मॅडमना वाचवत होती. मॅडमना स्वतःच्या अंगाचीच घाण वाटली, साडीची, हातांची, एकोणीस वर्षांच्या त्या नीटनेटक्या अक्षराची. त्या उठल्या. ठरवून उठल्या असं नाही. बसवलं गेलं नाही.

"हे अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या. आवाज फाटला. त्यांनी पुन्हा म्हटलं. "सोलर झाड मी लिहिलं. या बोर्डावरच्या मुलींच्या सगळ्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. रुबिनाने लिहिलं होतं, ती सकाळी आठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत पाणी पीत नाही, कारण इथले संडास वापरता येत नाहीत. पासष्ट मुलींनी तेच लिहिलं होतं."

"मॅडम, बसा!" राजकुमारभाऊ ओरडला. प्राचार्य खुर्चीवरून अर्धवट उठले आणि तसेच अधांतरी राहिले.

समितीच्या बाईंनी चष्मा काढला. "कुठे आहेत संडास?"

"बॅनरच्या मागे."

सगळी वरात निघाली. एक गृहस्थ बॅनरपर्यंत आले आणि फोन आल्यासारखं करून परत फिरले. दुसऱ्यांनी रुमाल काढला. बाई मात्र बॅनर उचलून आत गेल्या. मॅडम त्यांच्या मागे गेल्या, आणि त्या कॉलेजात पहिल्यांदाच त्यांनी ती खोली आतून पाहिली. भांडं काठोकाठ भरलेलं होतं. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. फिनेलने त्या मेल्या नव्हत्या, नुसत्या चवताळल्या होत्या. दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी एक ओढणीची चिंधी बांधलेली होती, आतून धरून बसायला. भिंतीवर कोणीतरी नखाने 'लवकर' असं कोरलं होतं. कोणासाठी ते कळत नव्हतं.

समितीच्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.  दुपारच्या जेवणाला त्या पानावर बसल्या नाहीत. बाकी दोघे बसले. श्रीखंडाची वाटी त्यांनी दोनदा मागून घेतली, असं झुंबरबाईंनी मागून सांगितलं.

हबीबभाई फाटकाजवळ थांबले होते. रुबिना रिक्षात बसली होती. मॅडम त्यांच्यापाशी गेल्या.

"तुम्ही उभ्या राह्यल्या ते चांगलं केलं, मॅडम," हबीबभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं. "पण एक विचारतो. कागद बदलायचा होता तं बदलला, पण त्याच्यावर नाव पोरीचं काऊन ठेवलं? नाव तं तिचं होतं."

"चुकलं माझं, हबीबभाई."

"दवाखान्यात तुम्हाले माहीत होतं?"

"होतं."

 "मी तुम्हाले दुवा दिली होती," ते म्हणाले आणि रिक्षात बसले. ढाल त्यांनी फाटकाच्या कठड्यावर ठेवली होती. ती कोणी उचलली ते मॅडमना माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी नगरपरिषदेची मैला ओढायची गाडी आली. टाकीचं झाकण काढलं तेव्हा दीड वर्षाचा कोंडलेला वास असा उसळला की समोरच्या झेरॉक्सवाल्याने शटर ओढलं. वर्ग सोडून द्यावे लागले. जाड नळी टाकीत डचमळत होती आणि ओढताना मधेच गुदमरल्यासारखा आवाज करत होती. राजकुमारभाऊ तोंडाला मास्क लावून लांब उभा राहिला आणि त्याने फोटो काढले. संध्याकाळी ते संस्थेच्या ग्रुपवर आले. खाली लिहिलं होतं, 'आयडिएशन डेचं पहिलं फलित! विद्यार्थिनींना सुचलेल्या कल्पनेतून स्वच्छता अभियान.' ज्या गोष्टीला तो तक्रार म्हणाला होता ती आता कल्पना झाली होती. गोष्ट तीच, शब्द सोयीप्रमाणे इकडून तिकडे. खाली शिक्षकांचे अंगठे एकामागून एक येत होते. एकेचाळीस मोजून मॅडमनी फोन पालथा ठेवला. श्रीखंडाचा, मोगऱ्याचा, सेंटचा, फिनेलचा, सगळा वास एकदम त्यांच्या घशाशी आला. त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

समितीने कॉलेजला दुसरी श्रेणी दिली. 'स्वच्छतेच्या बाबतीत सुधारणेस वाव' असा एक ओळीचा शेरा होता. मॅडमना दोन कागद आले. पहिला खुलासा मागणारा आणि दुसरा साखरखेर्ड्याच्या शाखेत बदलीचा. वरिष्ठ वेतनश्रेणीच्या फाइलचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. खुलाशात त्यांनी लिहिलं, 'चिठ्ठ्या मी बदलल्या, हे खरं आहे.' पुढे कोणी बदलायला सांगितलं तेही लिहिलं. त्या कागदाला उत्तर कधी आलं नाही.

"बदली झाली म्हने, बाई," झुंबरबाई म्हणाल्या.

"हो."

"लांब पडतं साखरखेर्डं. गाड्या कमी हायेत." एवढंच बोलून त्या कामाला लागल्या. त्या माफ करून टाकणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि मॅडमनी तशी अपेक्षाही केली नाही.

शेवटच्या दिवशी बारावी कलावर तास होता. निरोपाचं भाषण वगैरे मॅडमनी करू दिलं नाही. राहिलेला धडा पुरा केला. अर्धा तास झाल्यावर दुसऱ्या बाकावरून रुबिनाने हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम, वैचारिक निबंधात स्वतःचं मत लिहिलं तं मार्क कापतात का?"

 रुबिना पेन धरून वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि मायाही. तिला फक्त उत्तर पाहिजे होतं, तीन महिन्यांवर परीक्षा होती.

"कापणारे कापतात," मॅडम म्हणाल्या. "तरी लिही."

रुबिनाने ते वहीच्या समासात लिहून घेतलं. घंटा झाली. मुली दप्तरं घेऊन धाडच्या गाडीसाठी पळाल्या, आणि मॅडम रिकाम्या वर्गात फळा पुसत राहिल्या.